एमटीपीची ट्रॉली आणि कॉयरमधली ती मुलगी

आलेलं पत्र (ओळख पटेल असं सगळं काढून, थोडं छाटून देतेय):

"मावशी, मी २६ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, बेळगावात एका नर्सिंग होमला गायनॅकमध्ये आठ महिने झाले. घरचे सगळे मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती), आजोबा संडे स्कूल चालवायचे. आमच्याकडं एमटीपी (गर्भपात) होतात, कायद्यात बसणारेच, पण मला हत्यारांची ट्रॉली लाव म्हटलं की हात थरथरतात. आत्तापर्यंत दरवेळी एका मैत्रिणीबरोबर ड्युटी बदलून घेतली, आता मेट्रन म्हणतात एक तर काम कर नाही तर सोड. पाळक (आमच्या चर्चचे धर्मगुरू) म्हणतात हा सरळ खून. बरोबरची सिस्टर केरळची आहे, कॅथलिक, ती म्हणते मदत करणारीसुद्धा आपोआप चर्चच्या बाहेर जाते. त्यात गेल्या मंगळवारी ओपीडीत आमच्याच कॉयरमधली (चर्चच्या गायकवृंदातली) मुलगी आली, २० वर्षांची, आठ आठवडे. मला बघून मान खाली घातली. मी फाइल टेबलावर ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तिची आई आणि माझी आई एकाच बाकावर बसतात. सांगू का? गप्प बसले तर मी पण पापात सामील ना? आणि या रविवारी प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) आहे, मी घ्यावं का?"

पोरी,

तुझं पत्र मी दोन दिवस बाजूला ठेवलं होतं, कारण त्यात मला माझंच १९८७ सालचं तोंड दिसायला लागलं. ते पुढं सांगते. आधी घाईचं, रविवार जवळ आलाय आणि तू तोपर्यंत थांबशील याची मला गॅरंटी नाही.

त्या मुलीच्या आईला सांगायचं नाही. पाळकांना नाही. तुझ्या आईलाही नाही, आणि "प्रार्थनेसाठी" म्हणून तर अजिबातच नाही. आपल्या मंडळीत सगळ्यात जास्त बातम्या प्रार्थना-विषय म्हणूनच फिरतात, कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती प्रार्थनेला, कुणी म्हटलं की "एका बहिणीसाठी प्रार्थना करूया, नाव सांगत नाही", तर चहा यायच्या आत नाव, आडनाव, गल्ली सगळं बाहेर पडलेलं असतं. जन्म गेला माझा हे बघण्यात.

कायद्याचं पण ऐकून ठेव. एमटीपी कायदा १९७१ चा, त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५अ आलं: जिचा गर्भपात केला तिचं नाव-गाव डॉक्टरने उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कलमात शब्द डॉक्टरचा आहे म्हणून नर्स सुटली असं समजू नको, तुझी नोकरी आणि तुझं नाव दोन्ही त्यात अडकतं. मुलगी १८ च्या पुढची आहे, तिची एकटीची सही पुरते, आईची लागत नाही आणि नवरा असता तरी त्याची लागली नसती. आठ आठवड्याला एका डॉक्टरचं मत बास. लग्न झालंय का हा प्रश्न २०२१ नंतर आडवा येत नाही, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने २० ते २४ आठवड्यांच्या नियमातसुद्धा लग्न झालेली आणि न झालेली असा भेद चालायचा नाही म्हणून सांगितलं. (ती १८ च्या आतली असती तर गोष्ट वेगळी होती, तिथं पालक आणि पोक्सो (बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दोन्ही येतात.)

पण कायदा सोड घडीभर. ती तुझ्याकडं आली नव्हती गं. ती दवाखान्यात आली होती. तुला जे कळलं ते चर्चमधली बहीण म्हणून नाही कळलं, अंगात युनिफॉर्म होता म्हणून कळलं, तो नसता तर ती फाइल तुझ्या हातात आलीच नसती. माझ्या वॉर्डात गोकाक, बैलहोंगलकडच्या बायका यायच्या, कन्नड बोलणाऱ्या, कसल्याही दुखण्याला आल्या तरी पडदा ओढला की पहिलं वाक्य ठरलेलं, "सिस्टर, यारिगू हेळब्याड्री", कुणाला सांगू नका हो. आधी हे, मग कुठं दुखतंय ते. आपल्यावर विश्वास आहे म्हणून त्या पोट उघडं करतात. तो मोडला की पुढची बाई दवाखान्यात येत नाही, ती कुणाकडं तरी जाते जो काडी घालतो, आणि मग सहाव्या दिवशी ताप आणि घाण वास घेऊन आपल्याच दारात येते. असल्या केसेस मी मोजल्या नाहीत, मोजायची इच्छा पण नाही.

आता पाप आहे का, याच्यावर. पाळक खून म्हणाले. मी थिऑलॉजी शिकलेली नाही, मिरजेला नर्सिंग शिकले, पण हा प्रश्न इतकी वर्षं उशाला घेऊन झोपलेय त्यामुळं थोडंफार वाचलंय. खरं सांगायचं तर पाळक एकदम हवेत बोलत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या शतकातलं दिदाखे नावाचं छोटंसं शिकवणीचं पुस्तक आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की गर्भपात करून लेकराला मारू नको. रोमन लोक नको असलेलं मूल उकिरड्यावर ठेवून यायचे तेव्हा ख्रिस्ती लोक ती मुलं उचलून आणायचे, हे आपल्या पूर्वजांचं मला मनापासून आवडतं. बायबलात स्तोत्र १३९ मध्ये आईच्या उदरात देव घडवतो म्हणतात, लूकच्या पहिल्या अध्यायात अलिशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. मी स्वतः पण असंच मानते, पोटातलं ते "काहीतरी" नाही, ते देवाच्या हाताखालचं काम आहे. तुझे हात थरथरतात याची मला लाज वाटत नाही, उलट ज्यांचे कधीच थरथरले नाहीत त्यांची जरा भीतीच वाटते.

पण "सरळ खून" यातलं ते "सरळ" आहे ना, तिथं घोडं पेंड खातं. बायबलातलं निर्गम २१ काढून बघ, २२ वी ओवी. दोन पुरुष भांडतात, मधे गरोदर बाईला धक्का लागतो आणि पोटातलं बाहेर येतं, तर पुढं काही इजा झाली नसेल तर दंड, इजा झाली तर जिवाला जीव. आता ही इजा कुणाची, आईची की बाळाची, याच्यावर हजारो वर्षं वाद चाललाय. जुन्या ग्रीक भाषांतरात तर आकार आलेला आणि न आलेला असा वेगळाच भेद शिरला, जुन्या धर्मपंडितांपैकी ऑगस्टीन तो भेद धरून बोलतो, थॉमस अक्विनास म्हणतो माणसाचा आत्मा काही आठवड्यांनी येतो, तरी आधीचा गर्भपात पण पापच. मग १५८८ साली पोप सिक्स्टस पाचवे म्हणाले कुठल्याही आठवड्याचा असो, खुनाचीच शिक्षा. तीन वर्षांनी, १५९१ ला, पोप ग्रेगरी चौदावे यांनी ते बरंच मागं घेतलं. १८६९ मध्ये पोप पायस नववे यांनी परत भेद काढून टाकला, तो आजवर काढलेलाच आहे. आणि आपण प्रोटेस्टंट एकमुखी आहोत म्हणावं तर तेही नाही, आपल्याकडं एमटीपी कायदा आला त्याच १९७१ साली अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईची तब्येत असल्या कारणांसाठी कायद्यात वाट असावी, आणि आज तेच लोक सगळ्यात कडक. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी "जिवाच्या विरुद्ध जीव" असा दुःखाचा पेच कधीकधी पडतो असं लिहून ठेवलंय, मला ते शब्द वॉर्डातले वाटतात, पुस्तकातले नाही.

मला यातला सगळ्यात जवळचा वाटतो तो बेसिल, चौथ्या शतकातला बिशप. तो म्हणतो आकार आलाय की नाही असली केस चिरायची मला गरज नाही, हा खूनच. झालं, आपल्या पाळकांना आवडेल असा माणूस! पण थांब. जाणूनबुजून खून करणाऱ्याला त्याने प्रायश्चित्त सांगितलं २० वर्षांचं, आणि गर्भपात करणाऱ्या बाईला दहा. वर म्हणाला वर्षं मोजू नका, पश्चात्ताप कसा आहे ते बघा. म्हणजे शब्द तोच वापरला आणि वजन निम्मं केलं, म्हणजे त्यालाही कुठंतरी दिसत होतं की ही बाई आणि तो सुरा घेऊन उभा असलेला माणूस एक नव्हेत. आणि याच बेसिलने कैसरियाच्या बाहेर दवाखाना उभारला होता, आजारी, गरीब, कुष्ठरोगी सगळ्यांसाठी. हे सांगायचं कारण, पाप आहे का हा एक प्रश्न आहे आणि कुणाचं आहे हा दुसरा. आपल्याकडं पहिल्याचं उत्तर माइकवरून मोठ्यानं देतात, कारण मग दुसरा विचारावा लागत नाही. त्या कॉयरमधल्या मुलीबरोबर कुणीतरी मुलगा होता की नाही? तो पण कदाचित रविवारी गिटार वाजवत असेल, काय सांगावं! मुलगी पोट घेऊन चर्चला आली असती तर तिला कॉयरमध्ये उभं राहू दिलं असतं का, तिच्या आईला महिला मंडळात कुणी खुर्ची दिली असती का, तूच मला प्रामाणिकपणे सांग. बोनहॉफर म्हणून जर्मन पाळक होता, हिटलरच्या लोकांनी १९४५ साली त्याला फाशी दिलं, तो गर्भपाताला खूनच म्हणायचा, पण त्यानेही लिहिलंय की बाई एकटेपणानं किंवा दारिद्र्यानं पिचून हे करते तेव्हा दोष पुष्कळदा तिच्यापेक्षा समाजाचा असतो.

आता तुझी ट्रॉली.

मी १९८७ ला २७ वर्षांची होते. सीमेवरच्या एका गावातला छोटा दवाखाना, नाव नको. डॉक्टरांनी सांगितलं सिस्टर, उद्या डीएनसी (गर्भपिशवी साफ करायचं ऑपरेशन) आहे, अडीच महिन्याची, तुम्ही असिस्ट करा. मी सरळ नाही म्हटलं. माझ्या विश्वासात बसत नाही म्हटलं. डॉक्टर भले माणूस, काही बोलले नाहीत, म्हणाले ठीक आहे, आणि आयाला उभं केलं. मी त्या संध्याकाळी वडिलांना पत्र लिहिलं, आज मी प्रभूसाठी ठाम उभी राहिले म्हणून, वडील लोकल प्रीचर होते, खूश झाले असतील.

बाई निपाणीकडची, तंबाखूच्या वखारीत कामाला, तीन मुलं घरी, नवरा होता-नव्हता सारखाच. दुपारी तिला वॉर्डात आणून टाकलं. आयाला काय येतंय गं, तिने घडी घालून कपडा लावला, पाणी पाजलं आणि आठ वाजता घरी गेली. नाईट माझीच होती. बाई शेवटच्या खाटेवर पडद्यामागं होती आणि मला माहीत होतं तिथं आहे म्हणून, बाकी सगळ्यांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेतलं, तिचं नाही घेतलं. कुणी मला घेऊ नको म्हटलं नव्हतं. ती माझी केस नाही, एवढंच डोक्यात. अडीचच्या सुमारास तिची बहीण पळत आली, "बाई, गादी भिजलीया." कंदील घेऊन गेले (लाइट तर नेहमीचीच गेलेली), बीपी सत्तर, पल्स हाताला लागेना, ओठ पांढरे. आत थोडं राहिलं होतं. डॉक्टरांना उठवलं, दोन्ही हातांना सलाइन, रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन, आणि तीन वाजता परत टेबलावर घेतलं, आणि पोरी, ट्रॉली कुणी लावली असेल? दुपारी जी लावायला नको म्हटलं ती पहाटे मीच लावली, हात थरथरत होते पण कारण वेगळं होतं.

वाचली बाई. सकाळी शुद्धीवर आली तर मला वाटलं आता काहीतरी बोलेल, मी तयारी करून बसलेले, ती म्हणाली, "बाई, आज खाडा पडला का ओ माझा?" दिवसाची मजुरी गेली याचं दुःख. मला मात्र त्या दिवसानंतर येशूच्या खटल्यात पिलाताने जबाबदारी झटकून हात धुतल्याची ओवी वाचायला आली की पान उलटून पुढं जावंसं वाटतं.

म्हणून तुला सांगते, विवेक वेगळा आणि नामानिराळं राहणं वेगळं. तुझा विवेक म्हणतोय की हे हत्यार माझ्या हातानं द्यायचं नाही, तर तो ऐक, त्याचा अपमान करू नको. पण हत्यार न देणं आणि त्या बाईची नाडी न बघणं यात फरक आहे आणि तो मला एका भिजलेल्या गादीनं शिकवला. कॅथलिक लोकांच्यात याच्यावर शेकडो वर्षं काथ्याकूट झालाय, मनानं सामील होणं वेगळं आणि कामामुळं जवळ असणं वेगळं, त्यातही अगदी हातात हात असणं वेगळं आणि लांबून संबंध येणं वेगळं. त्यातलं मला कळलं ते एवढं: हत्यार पुढं करणं हे खूप जवळचं, त्याला नाही म्हणता येतं. आधीचं बीपी, नंतरचं बीपी, पॅड बघणं, सलाइन, चादर बदलणं, रडायला लागली तर खांद्यावर हात, हे नर्सिंग आहे, यातलं काहीही गर्भपात नाही.

आणि आपल्या बेळगावच्या पोरीचं तरी विसरू नको. सविता हलप्पनवार, इथंच वाढलेली, इथंच डेंटिस्ट झालेली, नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेली. ऑक्टोबर २०१२, १७ आठवडे, गर्भ राहणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं, तिने स्वतः सांगितलं मला मोकळं करा, पण बाळाचे ठोके चालू होते आणि तिथला कायदा आड आला. २८ ऑक्टोबरला सेप्सिसनं गेली, वय ३१. हा कॅथलिक देश आहे असं तिला सांगितलं गेलं होतं, चौकशीत तिथल्या मिडवाइफने कबूल केलं की ते वाक्य माझंच, वाईट हेतू नव्हता म्हणे, नसेलही. पण मी चौकशीतलं दुसरंच काहीतरी वाचून बसले: धर्माचा आणि कायद्याचा भाग तर होताच, त्याच्या जोडीला साधी देखरेख कमी पडली होती, संधी एक-दोन नाही, १३ हुकल्या असं एका सरकारी अहवालात मोजलंय. म्हणजे परत तेच, नाडी, टेंपरेचर, कागद. आयरिश लोकांनी २५ मे २०१८ ला मत देऊन घटनेतली गर्भपात अडवणारी १९८३ ची दुरुस्ती काढून टाकली, ६६ टक्के लोक बाजूने, डब्लिनच्या भिंतीवर तिचं चित्र काढून खाली चिठ्ठ्या लावल्या. आणि बेळगावात? आपल्या चर्चमध्ये तिच्यावर कुणी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही, ना बाजूने ना विरोधात. ती आपल्यातली नव्हती ना, म्हणून असेल.

तर आता नोकरीचं. ड्युटी गुपचूप बदलणं आजपासून बंद. आपल्या कायद्यात नर्सला "मी करणार नाही" म्हणायचं वेगळं कलम नाही, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये १९६७ च्या कायद्यात आहे, पण तिथंही जीव वाचवायची वेळ असेल तर ते चालत नाही, आणि ग्लासगोच्या दोन कॅथलिक मिडवाइफ कोर्टात गेल्या तेव्हा २०१४ साली निकाल लागला की प्रत्यक्ष हात लावायला नाही म्हणता येईल, बाकीच्यांना ड्युटी लावून देणं, देखरेख करणं याला नाही म्हणता यायचं नाही. मला तो निकाल बरोबर वाटतो. इथं तुला जे मिळेल ते समोरच्याच्या समजूतदारपणावर, म्हणून मेट्रनकडं ऐन शिफ्टला तोंड पाडून जायचं नाही. आधी वेळ मागून बस, अर्धं पान अर्ज लिहून ने. त्यात सांग की ओटीत असिस्ट करणं माझ्या विवेकाला जड जातंय, त्याच्या बदल्यात मी लेबर रूमच्या नाईट जास्त घ्यायला तयार आहे, ऑपरेशनच्या आधीचं-नंतरचं सगळं नर्सिंग मी करेन, कुठल्याही पेशंटला त्यावरून एक शब्द बोलणार नाही, आणि ब्लीडिंग, इनकम्प्लीट (अर्धवट राहिलेला गर्भपात), ताप, ट्यूबमधला गर्भ, असली कुठलीही इमर्जन्सी आली तर मला कुणी विचारायची पण गरज नाही, मी पहिली धावेन. हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिही. मेट्रन नाहीच म्हणाल्या तर एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) किंवा मेडिसिनला बदली माग, तेही नसेल तर दुसरी नोकरी बघ, बेळगावात नर्सला काम मिळत नाही असं नाही. पगार चार पैसे कमी-जास्त होईल, विवेकाला तेवढी किंमत असतेच.

एका ठिकाणी मात्र कुणालाही विचारत बसू नको, मुलगी आहे म्हणून पाडायची असली तर. तिथं ट्रॉली तर नाहीच, तक्रार करायची. १९९४ चा लिंग निवडीविरुद्धचा कायदा आहे, आणि मार्च २०१७ ला म्हैसाळला काय निघालं ते आपल्याला लांबचं नाही, मिरजेच्या अलीकडचं गाव, १९ गर्भ पुरलेले, तेही एक बाई मेली म्हणून उघडकीला आलं, धागे सीमेच्या इकडच्या डॉक्टरांपर्यंत आले. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात मुडलगीला ओढ्यात डब्यांतून सात सापडले. हे झालं तेव्हा कुणीतरी ट्रॉली लावलीच असेल ना? कुठल्या चर्चमध्ये म्हैसाळवर प्रवचन झालेलं तू ऐकलंस? मी नाही ऐकलं.

प्रभुभोजन घे. जाऊन गुडघे टेक आणि घे. तू आजवर हत्यार हातात दिलेलं पण नाहीस, आणि दिलं असतंस तरी ते मेज शुद्ध लोकांचं बक्षीस म्हणून मांडलेलं नसतं. तुझ्या केरळच्या सिस्टरला सांग, तिच्या चर्चचा नियम ती सांगते तसा कडक आहे हे खरं, पण तो पूर्ण समजून-उमजून करणाऱ्याला आणि ज्याच्यावाचून ते झालंच नसतं अशा मदतनिसाला लागतो, आणि पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये सगळ्या फादरांना या पापाची क्षमा द्यायची परवानगी कायमची दिली. तिला मनात काही असेल तर तिने तिच्या फादरकडं जाऊन बोलावं, तुला घाबरवून तिचं ओझं हलकं होत नाही.

आणि ती मुलगी. ओपीडीत तू तिच्यासमोरून उठून गेलीस, तिला काय वाटलं असेल? तुला पोटात कालवलं, पण तिला वाटलं असेल की झालं, हिने तोंड फिरवलं, आता घरी फोन जाणार. ती हे दिवस रोज फोन वाजला की दचकत असेल. रविवारी मुद्दाम तिच्याकडं जाऊ नको, गंभीर चेहरा करून मिठी तर मारूच नको, सगळे बघतात. दरवेळी बोलतेस तसं बोल, आजचं गाणं छान झालं म्हण. एकटी सापडली तर एवढंच सांग, "मी कुणालाही काही सांगितलेलं नाही, सांगणार नाही." ती काही बोलली नाही तर नाही. तिने काय ठरवलं ते विचारू नको. पण कदाचित अजून ठरलं नसेल, आणि मूल ठेवायचं तिच्या मनात असेल आणि आईची भीती आड येत असेल, तर ते ती तुझ्याजवळच बोलू शकते, तू तोंड बंद ठेवणारी आहेस हे तिला कळल्यावरच. तेव्हा स्तोत्र १३९ काढायचं नाही. विचारायचं, आईशी बोलताना मी बरोबर येऊ का. आणि गोळ्या घेतल्या असतील तर विचार की तासाला दोन पॅड असं सलग दोन तास भिजतायत का, ताप एका दिवसाच्या वर राहिलाय का, वास येतोय का, पंधराव्या दिवशी दाखवायला जाणार आहे ना. यातलं काही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तिला मला फोन कर म्हणून सांग.

अजून एक राहिलं. तुझ्या पत्रात ती मैत्रीण आहे, ड्युटी बदलून घेणारी, तिच्याबद्दल तू एक ओळ लिहिलीस आणि पुढं गेलीस. तिचा धर्म कुठला ते तू लिहिलं नाहीस, मी विचारत पण नाही, पण दरवेळी तुझ्या वाटची ट्रॉली तिने लावली आणि घरी जाऊन तिला झोप लागली का हे तू एकदाही विचारलं नाहीस, असं धरून चाललीस की विवेक फक्त आपल्याला असतो. मेट्रनकडं अर्ज द्यायच्या आधी तिच्याकडं जा. चहा पाज. या आठवड्यात तिची नाईट कधी आहे विचार आणि ती तू घे.

तुझी,
मावशी